फेस हा आधी दोष होता: शँपेनच्या काही गोष्टी, तळघरातून

वेलमांडव

गेली अकरा वर्षं मी नाशिकजवळच्या एका वायनरीत तळघराचं काम बघतो. आमच्याकडे साध्या वाइनबरोबर फेसाळ वाइनही होते, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून फेस आणलेली. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली एक दुपार आधी सांगतो.

टॉर्च लावून मी एकेका बाटलीतला गाळ बघत होतो. पलीकडच्या गल्लीतून आवाज आला. भरलेला माठ फरशीवर पडावा तसा, जड. त्याच्या पाठोपाठ दुसरा, मग तिसरा. जाऊन पाहिलं तर आडव्या रचलेल्या थरातली एक बाटली फुटली होती आणि तिच्या काचांनी शेजारच्या दोन गेल्या होत्या. बाटलीचा तळ जागच्या जागी, गळाही शाबूत, मधला भाग मात्र कुठेच नाही. एक काच दीड हातावरच्या लाकडी फळीत अशी रुतली होती की पकडीने ओढून काढावी लागली. आदल्या रात्री गारव्याचं यंत्र बंद पडलं होतं, एवढंच कारण. त्या दिवसापासून मी तोंडावर जाळी बांधल्याशिवाय त्या गल्लीत शिरत नाही.

अशा बंद बाटलीत पाच ते सहा वातावरणांइतका दाब असतो. कारच्या टायरमध्ये आपण हवा भरतो, त्याच्या अडीच-तीन पट. ऊब वाढली की दाबही वाढतो. आज काच चांगली मिळते, साखर ग्रॅमवर मोजून घालतात, म्हणून असं क्वचित घडतं. अठराव्या शतकात फ्रान्सच्या शँपेन प्रांतात हे नित्याचं होतं. तळघरातले कामगार लोखंडी मुखवटे घालून खाली उतरायचे. वाईट वर्षी निम्म्याहून जास्त बाटल्या फुटून जायच्या. लोक तिला 'सैतानाची वाइन' म्हणायचे.

मुळात तो फेस कुणालाच नको होता. शँपेन म्हणजे फ्रान्सचा ईशान्येकडचा भाग. रँस आणि एपर्ने ही त्यातली मुख्य गावं, ४९ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास. द्राक्षं पिकायला ही थंडीची जवळजवळ शेवटची हद्द. तोडणी सप्टेंबरच्या सुमाराला. रस आंबायला लागतो न लागतो तोच थंडी पडते आणि यीस्ट झोपी जातं. सगळ्यांना वाटायचं, झाली वाइन तयार. वसंतात ऊब आली की तेच यीस्ट जागं व्हायचं, उरलेली साखर खायला लागायचं, आणि बंद बाटलीतल्या वायूला जायला वाट नसायची. ज्याला आज आपण सणाचा फेस म्हणतो, ती त्या काळच्या वाइनवाल्याच्या दृष्टीने बिघडलेली वाइन होती.

डॉम पेरिन्यों हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १६६८ साली हे साधू ओव्हिलेरच्या मठात कोठारप्रमुख झाले आणि १७१५ साली वारले. त्यांनी शँपेन 'शोधली' असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात ते आयुष्यभर फेस येऊ नये म्हणूनच खटपट करत राहिले. त्यांचं खरं मोठेपण वेगळं आहे. वेगवेगळ्या मळ्यांतली द्राक्षं चाखून त्यांचा मेळ कसा घालायचा, काळ्या द्राक्षातून स्वच्छ पांढरा रस कसा काढायचा, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. शँपेनचा पाया आजही त्याच मेळ घालण्यावर उभा आहे.

मुद्दाम फेस आणण्याची पहिली लेखी नोंद तर इंग्लंडमधली आहे. ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या वैद्याने १७ डिसेंबर १६६२ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एक निबंध वाचला. वाइन तरतरीत आणि फेसाळ व्हावी म्हणून तिथले व्यापारी तिच्यात साखर आणि काकवी घालतात, असं त्यात आहे. पेरिन्यों मठात रुजू होण्याच्या सहा वर्षं आधीची ही गोष्ट.

इंग्लंडच का? तर काचेमुळे. आरमारासाठी लाकूड वाचावं म्हणून राजा पहिला जेम्स याने १६१५ साली काचेच्या भट्ट्यांत लाकूड जाळायला बंदी केली. भट्ट्या दगडी कोळशावर गेल्या. कोळशाची आच जास्त, म्हणून काच जाड आणि दणकट व्हायला लागली. जहाजासाठी केलेल्या कायद्याने वाइनची बाटली घडवली! अकरा वर्षं या धंद्यात आहे, पण हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हातातली बाटली उलटीपालटी करून बघत बसलो होतो.

फ्रान्समध्ये वाइन बाटल्यांत भरून गावाबाहेर न्यायची परवानगीच मुळी १७२८ साली मिळाली, पंधराव्या लुईच्या हुकमाने. पुढच्याच वर्षी रुइनार ही पेढी निघाली. शँपेनची म्हणून काढलेली ती सगळ्यात जुनी पेढी. रुइनार घराणं मूळचं कापडाच्या व्यापारातलं.

फुटण्यावर खरा उतारा काढला तो शालोंच्या एका औषधविक्रेत्याने, जाँ-बाप्तिस्त फ्रान्स्वा याने, १८३६-३७च्या सुमाराला. बाटली भरण्याआधी वाइनमध्ये किती साखर शिल्लक आहे ते मोजायची रीत त्याने बसवून दिली. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की एक वातावरण दाब तयार होतो. सहा हवे तर २४ ग्रॅम. आम्ही आजही हाच हिशेब करतो. त्याच्या नावाची बाटली बाजारात नाही, पण माझ्या लेखी सगळ्यात जास्त मान त्याचा.

आता गाळाची गोष्ट. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलं की मेलेलं यीस्ट तिथेच साचतं आणि वाइन गढूळ दिसते. यावरचा उपाय एका बाईने काढला. बार्ब-निकोल क्लिको, माहेरची पोंसार्दां. १८०५ साली नवरा गेला तेव्हा ती २७ वर्षांची होती. तिने धंदा स्वतः चालवायला घेतला. फ्रेंचमध्ये 'व्हव' म्हणजे विधवा. बाटलीवर 'व्हव क्लिको' छापतात त्याचा सरळ अर्थ 'विधवा क्लिको'. तळघरप्रमुखाला हाताशी घेऊन तिने १८१६च्या सुमाराला भोकं पाडलेली फळी वापरायला सुरुवात केली. त्यात बाटल्या तोंड खाली करून खोचायच्या, रोज थोडं फिरवायचं, थोडं उभं करायचं, म्हणजे गाळ हळूहळू घसरत बुचापाशी येतो. मग बूच काढून तेवढाच गाळ उडवून द्यायचा. आज बाटलीचं तोंड गोठवतात, गाळ बर्फाच्या गोळीत अडकतो आणि झाकण काढलं की दाबाने गोळीच बाहेर उडते. मोठ्या ठिकाणी फिरवायचं काम यंत्रं करतात. आमच्याकडे अजून काही फळ्या आहेत. दोन्ही हातांनी दोन बाटल्या एकदम, अष्टमांश वळसा, खट् आवाज, पुढची जोडी. शिकायला मला तीन महिने लागले. मनगट अजून संध्याकाळी बोलतं.

तुमच्याकडे अशा काही गोष्टी असतील तर जरूर लिहा.

गोदाकाठ

दादा, एका बैठकीत वाचून काढलं. नाशिकला राहून हे काहीच माहीत नव्हतं. एक शंका: काळ्या द्राक्षांतून पांढरा रस कसा?

वेलमांडव

ताई, घरात काळी द्राक्षं असतील तर एक सोलून बघा. आतला गर हिरवट पांढराच असतो. रंग सगळा सालीत. साल रसात भिजत राहिली तर लाल वाइन, लगेच बाजूला काढली तर पांढरी. शँपेनमध्ये मुख्य वाण तीन: शार्दने, पिनो न्वार, म्यूनिए. त्यातले पिनो न्वार आणि म्यूनिए काळे. म्हणजे पांढरीशुभ्र दिसणारी बरीचशी शँपेन काळ्या द्राक्षांची असते.

पण त्यासाठी घड अख्खे लागतात. मणी चिरडला की रंग उतरलाच. म्हणून तिथे यंत्राने तोडणी करायला बंदी आहे, सगळी तोड हाताने. दाबयंत्रात एका वेळी ४००० किलो द्राक्षं आणि त्यातून फक्त २५५० लिटर रस घ्यायचा असा नियम आहे. पहिला २०५० लिटर उत्तम, नंतरचा ५०० लिटर दुय्यम. पुढे पिळाल तर तो रस शँपेनसाठी चालत नाही.

शंकासुर

'लवकर या, मी तारे पितो आहे' असं डॉम पेरिन्यों पहिला घोट घेऊन ओरडले, ही गोष्ट मी शाळेतल्या मुलांना सांगितली आहे. ती पण खोटी का?

वेलमांडव

सर, ती खोटीच. ते वाक्य एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या जाहिरातींमधलं आहे, त्यांच्या मृत्यूनंतर दीडएकशे वर्षांनी आलेलं. ते आंधळे होते ही कथाही तशीच. या दंतकथेला जोर आला तो १८२१ साली. त्याच मठात राहिलेल्या ग्रोसार नावाच्या साधूने आपल्या मठाचं नाव व्हावं म्हणून बरंच वाढवून लिहिलं. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची वाताहत झाली होती, त्याला त्याचं दुःख असणार. मला त्याचा राग येत नाही.

मुलांना याऐवजी मेरेट आणि कोळशाची गोष्ट सांगा. त्यात इतिहास, भूगोल, रसायन सगळं येतं.

रसायनी

मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे बुडबुड्यांबद्दल लिहायची संधी सोडत नाही. रँसच्या विद्यापीठात जेरार लिझे-बेलेर नावाचे भौतिकशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आयुष्याचा मोठा भाग शँपेनच्या बुडबुड्यांना दिला आहे.

पहिली गोष्ट: एका बाटलीत साधारण ९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. मोकळा केला तर तो ५ लिटर जागा व्यापेल, पाऊण लिटरच्या बाटलीत! उंच पेल्यात १०० मिलिलिटर ओतून नुसतं बघत बसलात, तर साधारण दहा लाख बुडबुडे वर येतील असा त्यांचा हिशेब आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. बुडबुडा आपोआप जन्मत नाही, त्याला जागा लागते. ती जागा म्हणजे पेल्याला चिकटलेला कापसाचा किंवा कागदाचा सूक्ष्म धागा, फडक्याने पुसताना राहिलेला किंवा हवेतून येऊन बसलेला. त्या पोकळ धाग्यात हवेचा कण अडकतो, त्यात वायू शिरतो, फुगतो, सुटतो, की लगेच पुढचा. म्हणून एकाच ठिकाणाहून माळेसारखे बुडबुडे निघताना दिसतात. पेला अगदी निर्जंतुक, धागाही नाही असा स्वच्छ असेल तर बुडबुडे जवळजवळ येणारच नाहीत. काही कारखाने म्हणून पेल्याच्या तळाला लेझरने बारीक ओरखडे काढून देतात.

तिसरी: बूच उडतं तेव्हा निघणारं धुकं. बाटली फ्रिजमधली थंड असेल तर ते पांढुरकं असतं. २० अंशांच्या आसपास असेल तर क्षणभर निळं! दाबातला वायू एकदम मोकळा झाला की तो इतका गार होतो की कार्बन डायऑक्साइडचाच कोरडा बर्फ होतो, म्हणजे उणे ७८ अंशांच्या आसपास. त्या अतिसूक्ष्म कणांवरून प्रकाश विखुरतो आणि निळा दिसतो. आकाश निळं दिसतं तेच कारण. २०१९ साली याच मंडळींनी दाखवलं की बूच सुटल्यावरच्या पहिल्या मिलिसेकंदात तो झोत आवाजाच्या वेगाहूनही वेगात असतो. लढाऊ विमानाच्या मागे दिसतात तसे आघाततरंग बाटलीच्या तोंडाशी दिसले.

आणि ओतताना पेला तिरका धरा, बियरसारखा. २०१० साली त्यांनी मोजून दाखवलं की उभ्या पेल्यात वरून ओतण्यापेक्षा असं ओतल्याने वायू जास्त टिकतो.

घरी करून बघण्यासारखं: शँपेन नको, साधा सोडा घ्या. काचेच्या ग्लासात ओता आणि चार-पाच मनुका टाका. आधी बुडतील. मग सुरकुत्यांत बुडबुडे धरतील आणि वर येतील. वर आल्यावर बुडबुडे फुटले की पुन्हा खाली. बराच वेळ हा खेळ चालतो.

तासगावचे बेदाणे

मनुकांचं नाव काढलंत म्हणून आलो! उद्या करून बघतो, माल घरचाच आहे. वेलमांडवदादा, तिकडे छाटणी किती वेळा? आपल्यासारखी खरड आणि गोडी दोन्ही का?

वेलमांडव

नाही हो, एकच, हिवाळ्यात. तिथे थंडीत वेल पूर्ण झोपतो, त्याला उठवायचं काम ऋतू करतो. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी करून घड घ्यायचा. पीक एकच, राबणं दुप्पट. फेसाळ वाइनसाठी आम्ही द्राक्षं लवकर तोडतो, गोडी पूर्ण भरायच्या आत, कारण आंबटपणा हवा असतो. शेजारचे शेतकरी अजून म्हणतात, 'कच्ची का तोडता?'

आणि तिथली माती म्हणजे खडू. रँसखाली रोमन काळापासून खडू काढलेल्या खाणी आहेत. पोमरीसारख्या पेढ्यांनी त्याच एकमेकींना जोडून तळघरं केली. एपर्नेला मोएत पेढीची तळघरं २८ किलोमीटर लांब आहेत. बारमाही १० ते १२ अंश, कुठलंही यंत्र न लावता. मे महिन्यातला माझा अनुभव वाचलात, त्यावरून कळेल मला त्या खडूचा किती हेवा वाटत असेल. पहिल्या महायुद्धात रँसवर तोफगोळे पडत होते तेव्हा लोक याच तळघरांत राहिले. मुलांच्या शाळाही तिथेच भरल्या.

बुचाचं फूल

माझ्या नावाचा धागा निघाल्यासारखं वाटलं. आपण बाटलीच्या तोंडाला 'बूच' म्हणतो आणि पुण्यात रस्त्यांवर ऑक्टोबरच्या सुमाराला ज्यांच्या फुलांचा सडा पडतो, त्या उंच झाडालाही 'बूच' म्हणतो. काही जण आकाशमोगरा म्हणतात. लांब दांड्याची पांढरी फुलं, लहानपणी आम्ही त्यांच्या वेण्या गुंफायचो, दोरा लागत नाही. या झाडाची साल भुसभुशीत असते आणि खऱ्या कॉर्कच्या जागी हलकं बूच करायला ती वापरत, म्हणून हे नाव.

खरं कॉर्क ओकच्या एका जातीच्या सालीचं. पोर्तुगाल त्यात जगात पहिला. झाड साधारण २५ वर्षांचं झालं की पहिली साल काढतात, नंतर दर ९ वर्षांनी. बाटलीच्या बुचाजोगी साल तिसऱ्या खेपेला मिळते. म्हणजे लावणारा आजोबा आणि बूच बघणारा नातू. झाड तोडत नाहीत, नुसतं सोलतात, साल पुन्हा येते.

शँपेनचं बूच अळंबीसारखं दिसतं ना, ते तसं केलेलं नसतं. मुळात ते सरळ नळकांडं असतं, ३१ मिलिमीटर जाड. ते दाबून १८ मिलिमीटरच्या आसपासच्या तोंडात अर्धं बसवतात. बाहेर राहिलेला भाग फुगतो, आतला दबलेला राहतो, म्हणून तो आकार.

वेलमांडव

ताई, तुमच्या नावामागची गोष्ट एवढी सुंदर असेल असं वाटलं नव्हतं. बुचावर तारेची जाळी असते तिची भर घालतो. १८४४ साली आदॉल्फ जाकसों याने तिचं पेटंट घेतलं. त्याआधी बूच सुतळीने बांधत. फ्रेंचमध्ये तिला 'म्यूझले' म्हणतात, जनावराच्या तोंडाला जाळी बांधणे या क्रियापदावरून. मळणीच्या बैलाने कणसात तोंड घालू नये म्हणून आपण बांधतो ते मुसकं! शब्दांचं नातं आहे असं म्हणत नाही, पण कल्पना अगदी तीच. मी नव्या पोरांना 'आधी मुसकं सैल कर, सहा अर्धे वळसे' असंच सांगतो, लगेच लक्षात राहतं.

आणि कळकळीने सांगतो: बूच कधीही उडवू नका. डोळा जातो. बाटली तिरकी, तोंड माणसांपासून लांब, अंगठा बुचावर, बूच घट्ट धरून बाटली फिरवायची. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला पाहिजे.

बाल्टिककाठ

हेलसिंकीहून लिहितोय. आमच्या समुद्रात सापडलेल्या शँपेनबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून राहवलं नाही. २०१० साली ओलांड बेटांजवळ साधारण ५० मीटर खोल एका बुडालेल्या जहाजात पाणबुड्यांना १६८ बाटल्या मिळाल्या. लेबलं केव्हाच गेलेली. बुचांच्या आतल्या बाजूला डागून उठवलेल्या खुणांवरून घराणी ओळखली: व्हव क्लिको, हाइडसीक आणि आता नसलेलं जुग्लार. साधारण १७० वर्षं समुद्राच्या तळाशी, काळोखात, दोन ते चार अंशांत. रसायनीताईंना आवडेल म्हणून सांगतो, २०१५ साली तिचं पृथक्करण प्रसिद्ध झालं. पेला नुकताच भरला तेव्हा चाखणाऱ्यांना ओल्या केसांसारखा, चीजसारखा वास आला. थोडा वेळ हवा लागू दिल्यावर धुराचा, मसाल्याचा, चामड्याचा सुवास मोकळा झाला. त्यात साखर लिटरमागे तब्बल १५० ग्रॅमच्या आसपास निघाली. त्यातली क्लिकोची एक बाटली २०११च्या लिलावात ३०,००० युरोंना गेली. क्लिकोवाल्यांनी मग २०१४ साली त्याच बेटांजवळ मुद्दाम नव्या बाटल्या समुद्रात ठेवल्या, कशा मुरतात ते बघायला.

दुसरं जहाज यॉनशॉपिंग, १९१६ साली जर्मन पाणबुडीने बुडवलेलं. १९९८ साली त्यातून १९०७ सालची हाइडसीक निघाली, दोन हजारांवर बाटल्या, रशियाकडे निघालेल्या.

गोदाकाठ

१५० ग्रॅम साखर? हे तर सरबत झालं!

वेलमांडव

ताई, रशियाला त्याहूनही गोड लागायची, लिटरमागे २५० ग्रॅमच्या वर. आज 'ब्रूट' लिहिलेलं असतं त्यात १२ ग्रॅमहून कमी. ही कोरडी चव रुजवली ती आणखी एका विधवेने, लुईझ पोमरी यांनी. १८७४च्या द्राक्षांची त्यांची ब्रूट इंग्लंडमध्ये गाजली. एक लक्षात ठेवा, 'एक्स्ट्रा ड्राय' हे ब्रूटपेक्षा गोड असतं, १२ ते १७ ग्रॅम. नाव ठरलं तेव्हा सगळ्याच वाइन इतक्या गोड होत्या की १७ ग्रॅमही कोरडी वाटायची. दुकानात यावर भले भले फसतात.

रशियाचीच दुसरी गोष्ट. झार दुसरा अलेक्झांडर याला जिवाची भीती होती. गडद बाटलीत, तिच्या तळाच्या खळग्यात कुणी बाँब लपवला तर? म्हणून १८७६ साली रोडरर पेढीने त्याच्यासाठी पारदर्शक, सपाट तळाची बाटली केली. तीच 'क्रिस्ताल'. खळगा नसल्याने काच दणकट घ्यावी लागते आणि उजेड आत जाऊ नये म्हणून आजही ती रंगीत कागदात गुंडाळून विकतात. झार शेवटी १८८१ साली बाँबनेच गेला, रस्त्यात.

नाविक

मी जहाजबांधणीत होतो. युरोपात जहाज पाण्यात सोडताना नाकाडावर शँपेन फोडतात, आपल्या नौदलात नारळ. माझगाव डॉकला तो प्रसंग मी अनेकदा जवळून पाहिला आहे: अथर्ववेदातले मंत्र, नारळ, मग जहाज सरकायला लागतं आणि सगळा डॉक श्वास रोखून बघतो. शँपेनची बाटली किती जाड असते ते वर आलंच आहे. ती फुटली नाही तर अपशकुन मानतात. २००७ साली 'क्वीन व्हिक्टोरिया' या प्रवासी जहाजाच्या नामकरणाला ती फुटलीच नाही, मोठी बातमी झाली होती.

मोटारशर्यतीत शँपेन उडवायची पद्धतही अपघाताने आली. १९६६ साली फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत उन्हात तापलेल्या बाटलीचं बूच योझेफ सिफर्टच्या हातात आपोआप उडालं आणि लोक भिजले. १९६७ साली तिथेच डॅन गर्नीने मुद्दाम उडवली. तेव्हापासून ती प्रथाच झाली.

शंकासुर

आता सरळ विचारतो. नाशिकची फेसाळ वाइन ही शँपेन का नाही? रीत तीच, मेहनत तीच.

वेलमांडव

सर, रीत तीच, पण गाव वेगळं. शँपेन हे गावाचं नाव आहे आणि त्यासाठी तिथल्या शेतकऱ्यांनी रक्त आटवलं आहे. १९१० साली पीक बुडालं, त्याआधी मुळांवरच्या किडीने बागा खाल्ल्या होत्या, आणि काही व्यापारी बाहेरच्या प्रांतांतली स्वस्त द्राक्षं रेल्वेने आणून शँपेन म्हणून विकत होते. १९११ साली शेतकरी उठले. गाड्या मार्न नदीत ढकलल्या, 'आई' नावाच्या गावात पेढ्या जाळल्या, सैन्य आलं. पुढे १९३६ साली कायद्याने हद्द पक्की झाली. माझा काका द्राक्ष बागाईतदार होता. बाजारात भाव पाडला की तो जेवायचा नाही. त्यामुळे १९११चं वाचताना मला ते लोक परके वाटले नाहीत.

व्हर्सायच्या तहातही अशा प्रादेशिक नावांच्या रक्षणाचं कलम आहे, २७५वं. अमेरिकेने तो तह मंजूरच केला नाही, म्हणून कॅलिफोर्नियात 'शँपेन' बनत राहिली. २००६च्या करारानंतर जुन्या लेबलांना सूट मिळाली, नव्यांना मनाई. मला मात्र वाईट वाटतं ते स्वित्झर्लंडच्या शाँपाञ नावाच्याच खेड्याचं. तिथे पूर्वापार साधी वाइन होते, आणि २००४ पासून त्यांना स्वतःच्या गावाचं नाव बाटलीवर लिहिता येत नाही. रशियाने २०२१ साली उलटंच केलं, 'शाम्पान्स्कोये' हा शब्द फक्त रशियन मालाला राखून ठेवला, फ्रेंच बाटलीच्या मागे 'फेसाळ वाइन' लिहायला लावलं.

भारतातही शँपेन हे भौगोलिक चिन्ह म्हणून नोंदलेलं आहे. आपलंही 'नाशिक व्हॅली वाइन' आहे. ते नाव मोठं करावं, दुसऱ्याचं कशाला घ्यायचं? आपल्याकडे सुरुवात झाली नारायणगावला, १९८०च्या दशकात. शामराव चौगुले यांनी फ्रान्सच्या पायपर-हाइडसीक पेढीची तांत्रिक मदत घेऊन तिथे फेसाळ वाइन केली. 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशात गेली. नारायणगावची वाइन लंडनमध्ये, त्या काळात! पुढे मोएतवाले स्वतःच दिंडोरीत आले, पण त्यांचीही इथली बाटली 'शांदों' म्हणून विकली जाते, शँपेन म्हणून नाही. मालक फ्रेंच असला तरी माती दिंडोरीचीच.

सांजसावली

उरलेल्या बाटलीत चांदीचा चमचा अडकवून ठेवला की फेस जात नाही असं ऐकलं आहे. खरं आहे?

वेलमांडव

नाही ताई. चमच्याने काही होत नाही, तपासून झालं आहे. फेस राहतो तो थंडीमुळे, गार द्रवात वायू जास्त धरून राहतो. घट्ट बसणारं झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी पुष्कळ चांगली लागेल.

सांजसावली

धन्यवाद. आणि मनुकांचा प्रयोग आत्ताच केला, लेकीबरोबर. सोडा ओतला, पाच मनुका टाकल्या. चार नाचतायत, लेक वही घेऊन मोजतेय, एक तर आतापर्यंत चौदा वेळा वर आली. पाचवी मात्र तळाशी बसून आहे. का बरं?

रसायनी

ती जाडजूड, टचटचीत असेल. वजन जास्त आणि सुरकुत्या कमी, म्हणजे बुडबुड्यांना धरायला जागा नाही. सुरीने तिचे दोन तुकडे करा आणि पुन्हा टाका. किती वेळात वर येते ते लेकीला लिहून ठेवायला सांगा.

सांजसावली

आली! दोन्ही तुकडे वर आले. आता ती शेंगदाणा टाकायला निघाली आहे.